चौदा नंबरचा सत्कार

फ्लेक्स सूरजनं लावला, ही पहिली चूक. न वाचता लावला, ही दुसरी. आणि तळवलीच्या नाक्यावर, केकच्या दुकानाच्या बरोब्बर वर, जिथं सिग्नल नसतानाही सगळ्या रिक्षा थांबतात तिथं लावला, ही तिसरी. पण तिसरीला चूक म्हणवत नाही. जागा खरंच झकास होती.

दहा बाय सहाचा फ्लेक्स. मधोमध तुळशीराम मढवी, वय वर्षं सत्तर, कुणाच्या तरी लग्नातला फोटो, डोक्याला फेटा, डोळ्यांवर दुसऱ्याच कुणाचा गॉगल. खाली सोनेरी अक्षरं :

'विलायतेच्या थोर शास्त्रज्ञांच्या संशोधनात मंदबुद्धी ठरल्याबद्दल आमचे लाडके आजोबा श्री. तुळशीराम मढवी यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : सूरजदादा मढवी मित्रमंडळ व समस्त तळवलीकर.'

रविवारी सकाळी साडेसातला जमुनाबाई कोथिंबीर आणायला नाक्यावर गेली. नवऱ्याचा फोटो बघून तिला आधी बरं वाटलं. मग तिनं एकेक अक्षर लावत खालचं वाचलं. घरी आली ती कोथिंबिरीशिवाय, आणि आल्या आल्या हातात झाडू घेतला.

"आजी! आजी, ऐक ना! मी नाय लिहिलं, ताईनं पाठवलेलं तेच टाकलं!" सूरज सोफ्याच्या मागे.

"ताईनं तुला अभिनंदन पाठवलं?"

"अभिनंदन माझं. बाकीचं ताईचं."

रुतिका दात घासत बाहेर आली आणि ब्रश तोंडातच राहिला. तिनं भावाला पाठवलेला मेसेज असा होता : आजोबांना त्या संशोधनात मंदबुद्धी ठरवलं गेलं, त्याबद्दल ते विद्यापीठ रविवारी घरी येऊन माफी मागणार आहे. सूरजनं 'त्याबद्दल'पर्यंत वाचलं. 'त्याबद्दल'नंतर फ्लेक्सवर अभिनंदनच येतं, दुसरं काय येणार? जन्मात त्यानं दुसरं काही छापलेलंच नव्हतं. मग ते आजोबांचं सत्तरी गाठणं असो की मंदबुद्धी ठरणं.

"आधी तो खाली उतरव," रुतिका म्हणाली.

"शिडी मंडपवाला घेऊन गेला. संध्याकाळी देतो म्हणाला."

"मग चादर टाक!"

तर त्या दिवशी अकरा वाजता पाहुणा यायचा होता आणि नाक्यावर तुळशीरामाच्या तोंडावर जमुनाबाईची गुलाबाच्या फुलांची डबलबेडची चादर लटकत होती. रुतिका-सूरजचे आईबाप नेमके लेण्याद्रीला गेलेले, त्यामुळे घरचं सगळं त्या एका बाईच्या डोक्यावर. डोकं आधीच तापलेलं.

प्रकरण जुनं होतं. त्रेसष्ट सालच्या थंडीत, इथं नवी मुंबई नव्हती, नुसती खाडी, भातशेती आणि मिठागरं होती, तेव्हा एक गोरा शास्त्रज्ञ तळवलीत आला. देवळात टेबल मांडून त्यानं गावच्या पोरांची डोकी लोखंडी चिमट्यानं मोजली, चित्रं दाखवून प्रश्न विचारले, प्रत्येकाला नंबर दिला आणि विलायतेला जाऊन 'हिंदी ग्रामीण जमातींची बुद्धी' असला काहीतरी पेपर छापला. त्यात चौदा नंबरचा पोर सगळ्यांत मंद आणि पंधरा नंबरचा सगळ्यांत हुशार. जाताना तो मास्तरांकडे चिठ्ठी ठेवून गेला की पंधरा नंबरला पुढे शिकवा. शाळेच्या वहीप्रमाणे पंधरा म्हणजे थोरला गंगाराम. तो ठाण्याच्या बोर्डिंगात गेला, सरकारी कचेरीत लागला, वाशीला फ्लॅट घेतला. चौदा म्हणजे धाकटा तुळशीराम. तो मिठागरावर गेला.

रुतिका मानसशास्त्रात पीएचडी करत होती. जुने पेपर चाळताना तिला स्वतःच्याच गावाचं नाव सापडलं, आणि तिनं त्या विद्यापीठाला असं काही पत्र लिहिलं की तिथल्या लोकांची झोप उडाली. चामडीचा रंग बघून पोरांच्या अकला ठरवल्यात, आणि अजून तुमच्या पुस्तकांत हा पेपर दाखला म्हणून देता? लाज आहे का? लाज होती. म्हणून डॉ. ऑलिव्हर नावाचा माणूस माफीचं पत्र घेऊन निघाला होता.

साडेनऊला वाशीची गाडी आली. आधी विलास उतरला, गंगारामाचा मुलगा, अंगात जॅकेट. मग त्याची बायको अरुणा, हातात शाल. सगळ्यांत शेवटी, बऱ्याच वेळानं, गंगाराम.

"काकी, नमस्कार. नाक्यावर आपली चादर वाळत घातलीय का?" विलासनं विचारलं.

"हां. आमच्यात तशीच घालतात," जमुनाबाई म्हणाली.

विलास रात्रभर विचार करून आला होता. विलायतेहून माणूस येतो, फोटो निघणार, पेपरात येणार, आणि हे सगळं काकांना? घरात थोरला कोण? त्यानं चहाचा कप हातात घेऊन विषय काढला.

"काकी, मी काय म्हणतो, मान हा थोरल्याचा. माफीसुद्धा एक प्रकारचा मानच झाला. तर माफी बाबांनी स्वीकारावी. समस्त मढवी घराण्याच्या वतीनं."

"आनि मंद कोन?"

"मंद काकाच. तो त्यांचा अधिकार आहे, त्याला आम्ही हात लावत नाही."

"वा रं वा! मंद आमी आनि मापी तुमी?" जमुनाबाईनं चहाची किटली आपटली. "मापी ज्याला शिवी दिली त्याला असते. मंद आमचा, तर मापी बी आमचीच. तुला पायजे तर तुज्या बापाला मंद म्हन, मग ने मापी."

खरं सांगायचं तर विलासच्या मनात क्षणभर येऊनही गेलं, की बाबांना थोडंसं मंद म्हणायला काय हरकत आहे? पण तेवढ्यात अरुणा कडाडली.

"अजिबात नाही! आपल्या घराण्यात बुद्धी आहे म्हणून आमच्या निशांतला मी आयआयटीच्या क्लासला घातलंय. त्या पेपरात स्पष्ट छापलंय, पंधरा नंबर तल्लख, आणि कुळात परक्या रक्ताचा अंश असावा. आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहितेय, आमच्यात जरासं पोर्तुगीज आहे."

जमुनाबाईनं पदर खोचला.

"अरुने, तुला कललं का तू काय बोललीस? परकं रक्त आलं कुठून? म्हंजी माजी सासू, गोजराबाय..."

"तसं नाही हो काकी!"

"मग कसं? पोर्तुगीज काय नलातून आला?"

"अरुणा, तू जरा पाणी पी," विलास म्हणाला, आणि बायकोला सोडून त्यानं तडक पक्ष बदलला. "काकी बरोबर बोलतायत. आजीबद्दल आपण असं बोलूच शकत नाही." दोन वर्षं सोसायटीच्या गच्चीवर पोर्तुगीज रक्ताची फुशारकी मारत होता तो हाच. पण माणूस वेळ बघून वळतो.

रुतिका हे सगळं दारातून ऐकत होती. अडीच वर्षं तिनं हेच लिहिण्यात घालवली होती की असले शिक्के माणसांच्या डोक्यात किती खोल जातात. स्वतःच्या घरात दोन पिढ्या एका शिक्क्यासाठी किटल्या आपटतायत, हे कुठल्या तक्त्यात बसवायचं ते तिला कळेना.

"काका," ती म्हणाली, "आज नुसता पेपर नाही येत. त्या माणसानं हातानं भरलेले मूळ फॉर्म सापडलेत. पोरांचे फोटोपण. मीसुद्धा बघितलेले नाहीत."

"फोटो?" कोपऱ्यात बसलेला गंगाराम पहिल्यांदाच बोलला. "फोटो काढले होते?"

"प्रत्येकाचा, मोठे आजोबा."

गंगाराम उठला आणि घामाघूम होऊन मागच्या दारानं बाहेर गेला. सगळ्यांना वाटलं, बाथरूमला गेले.

गंगारामाला पळून जायचं होतं. बहात्तराव्या वर्षी, गुडघे बदललेले, तरी त्यानं मागच्या गल्लीकडे एकदा बघून घेतलं. कारण त्या देवळातल्या टेबलासमोर तो आयुष्यात कधी बसलाच नव्हता. गावात बातमी होती की गोरा चिमट्यानं डोकं दाबून आतलं तेल काढतो. दहा वर्षांचा गंगाराम भाताच्या कणगीत लपला आणि आतूनच रडत म्हणाला, तुलश्या, माज्या नावानं तू जा. आणि आठ वर्षांचा तुळशीराम, सकाळी एकदा स्वतःचं डोकं मोजून आलेला, दुपारी परत गेला. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक. बोर्डिंग, नोकरी, फ्लॅट, पेन्शन, पोर्तुगीज रक्त, सगळं त्या एका दुपारवर उभं होतं. आता तो फोटो बॅगेत घालून कुणीतरी ऐरोलीचा पूल उतरत असणार.

तुळशीराम मागच्या पडवीत खिडकीला आरसा अडकवून दाढी करत होता.

"तुळशीराम," गंगाराम खाकरला. "तू काय बोलणार आहेस?"

"मी काय बोलनार? मी मंद."

"थट्टा नको रे. पोरांसमोर... विलासला काही माहीत नाही. अरुणाला तर नाहीच नाही."

"दादा, बासट वर्सं मी बोललो?" तुळशीरामनं गालावरचा फेस पुसला. "मग आज कशाला बोलंन? तू जा, पंख्याखाली बस. घाम बघ किती आलाय."

गंगारामाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. तो पंख्याखाली जाऊन बसला.

सव्वाअकराला डॉ. ऑलिव्हर आला. पस्तिशीचा, लालबुंद झालेला, खादीचा झब्बा, गळ्यात बॅग. मराठीतलं एकच वाक्य तो पाठ करून आला होता आणि ते त्यानं दारापासून वापरायला काढलं. "मला माफ करा," तो जमुनाबाईला म्हणाला. "मला माफ करा," विलासला. पायात आलेल्या कोंबडीलाही तेच. चपला काढताना सूरजच्या पायावर पाय पडला, तेव्हा मात्र ते अगदी योग्य ठिकाणी बसलं.

"किती नम्र आहेत!" अरुणा म्हणाली.

"आजारी हाय का?" जमुनाबाईनं रुतिकाच्या कानात विचारलं.

दोघा भावांना सोफ्यावर बसवलं. गंगाराम कडेला, तुळशीराम मध्ये, दुसऱ्या कडेला कुणी न बोलावता विलास येऊन बसला, फोटोसाठी. ऑलिव्हरनं भाषण केलं, रुतिकानं मराठीत सांगितलं. आमच्या शास्त्रानं तुमच्या लोकांना माणूस न समजता नमुना समजलं. आपली माणसं वर आणि तुमची खाली, हे आधीच ठरवून मग मोजायला बसलो. तुळशीराम मान डोलावत ऐकत होता, कीर्तनात डोलावतात तशी. मग ऑलिव्हरनं बॅगेतून दोन पिवळे पडलेले कागद काढले, आणि गंगारामाचा हात सोफ्याच्या दांडीवर घट्ट आवळला गेला.

"क्रमांक चौदा," रुतिका सांगू लागली. "वर्ण अतिशय काळा. नजर जड. चार चित्रं दाखवली : गाय, घोडा, होडी, छत्री. यातलं वेगळं कुठलं? पोरगा म्हणाला, घोडा वेगला. बाकीचं आमच्या घरात हाय. छत्री फाटलेली हाय, पन हाय."

जमुनाबाई खळखळून हसली. "आता पन असाच बोलतो!"

"यावर शेरा आहे : वर्गीकरण करता येत नाही. फक्त मालकीचा विचार. जमातीच्या मंदपणाचा उत्तम नमुना." रुतिकाचा आवाज चिडीनं कापला. ऑलिव्हर म्हणाला, मला माफ करा. तिनं दुसरा कागद घेतला.

"क्रमांक पंधरा. वर्ण पिवळसर गोरा, कुळात परक्या रक्ताचा अंश असावा." अरुणा सरळ होऊन बसली. "नजर तरतरीत. चार चित्रं दाखवली. पोरगा म्हणाला, घोडा..."

रुतिका थांबली. खालची ओळ तिनं परत वाचली. छत्री फाटलेली होती. पण होती.

तिनं आजोबांकडे बघितलं. तुळशीरामनं अगदी हळू, दोनच वेळा, नाही म्हणून मान हलवली. तिनं मोठ्या आजोबांकडे बघितलं, तर ते जमिनीकडे बघत होते. रुतिका हुशार पोरगी, तिला सगळं त्याच क्षणी कळलं. खोटं सांगितलं तर तिची अडीच वर्षं पाण्यात. खरं सांगितलं तर एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू सगळ्या घरासमोर.

"पुढे?" विलास म्हणाला. "वाच की! आमच्या बाबांचं आलं तर अडकलीस?"

"पोरगा म्हणाला, घोडा..." रुतिकानं कागद स्वतःकडे वळवला. "घोडा म्हणजे, त्यानं अगदी वेगळंच..."

"छत्री फाटलेली हाय, पन हाय," गंगाराम म्हणाला.

तो उठून उभा राहिला. वाशीचं शुद्ध मराठी, कचेरीचा आवाज, सगळं कुठल्या कुठे गेलं.

"तेच लिवलं असंल. कारन तो पोरगा तोच हाय. मी गेलोच नव्हतो. मी कनगीत लपलो होतो. चौदा पन तुलश्या आनि पंधरा पन तुलश्या."

"बाबा," विलास घाबरून म्हणाला, "बीपीची गोळी घेतलीत का?"

"घेतली रं! गप बस!"

ऑलिव्हरनं दोन्ही फोटो टेबलावर ठेवले. सगळ्यांची डोकी एकमेकांवर आपटली. एकात काळाकुट्ट पोर, दुसऱ्यात उजळ. पण वरचा अर्धा पडलेला दात तोच, आणि कान तेच, सुपाएवढे, आजही सोफ्यावर हजर असलेले.

"पण रंग?" अरुणाचा जीव रंगात अडकलेला. "हा गोरा कसा झाला?"

"सकालचा मी मिठागरावरनं उठून गेलो," तुळशीराम आता नाइलाजानं म्हणाला. "तोंडाला, हाताला, सगला कालाभोर चिखल. दुपारी काशीआत्याच्या पोराची हलद होती. आंग धुवून गेलो, तर मला पोरांनी नखापासून शेंडीपर्यंत हलद फासली. तसाच गेलो."

सूरज जमिनीवर लोळून हसायला लागला. "चिखल म्हणजे मंद आणि हळद म्हणजे पोर्तुगीज!"

रुतिकानं ऑलिव्हरला इंग्रजीत समजावलं. तो आनंदानं टुणकन उडाला, या एका गोष्टीनं तो सगळा पेपर कोसळतो म्हणाला. मग आपण आनंदित झालो याची लाज वाटून खाली बसला आणि म्हणाला, मला माफ करा.

"म्हणजे काका एकाच दिवशी मंद पण आणि हुशार पण?" विलास अजून हिशेब लावत होता.

"नाही," रुतिका म्हणाली. "तो माणूस पोरांना प्रश्न विचारतच नव्हता. तो नुसता रंग बघत होता. बाकी सगळं आधीच लिहून आणलेलं."

"तरी मी सांगत होते, माझ्या सासूबाईंच्या सासूबाई असल्या नव्हत्या," अरुणा म्हणाली, आणि कुणाशी तरी भांडायला हवं म्हणून नवऱ्याकडे वळली. "पोर्तुगीज म्हणे! गच्चीवर कोण सांगत होतं?" जमुनाबाईनं तिला जवळ बसवून घेतलं. सकाळपासून किटली आपटणाऱ्या दोघी आता विलासकडे एकाच नजरेनं बघत होत्या, आणि त्यानं जॅकेट काढून ठेवलं.

ऑलिव्हरनं माफीचं पत्र दोन्ही हातांनी पुढे धरलं. तुळशीरामनं ते घेतलं, उलटंसुलटं बघितलं.

"रुते, त्याला सांग, घेतली तुजी मापी. तू तवा जन्मलापन नव्हतास. उगाच सारखा वाकू नको, पाठ दुखंल." मग तो उभ्या असलेल्या भावाकडे वळला. "दादा, तुजी नाय घेतली."

गंगारामाचा चेहरा उतरला. "का रं?"

"तू मागलीसच कुठं?"

गंगारामानं तोंड उघडलं. हा माणूस चाळीस वर्षं कचेरीत खुर्चीवर बसलेला, माफीचे अर्ज दुसऱ्यांकडून लिहून घेतलेला. "सॉरी," तो पुटपुटला.

"मराटीत बोल."

गंगाराम सोफ्यावर बसला, अगदी भावाच्या गुडघ्याला गुडघा लागेल असा. चष्मा काढला. "चुकलो रं, तुलश्या," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. नातवंडांसमोर, सुनेसमोर, परक्या माणसासमोर.

तुळशीरामनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ तो नुसता थोपटत राहिला. सगळ्यांना वाटलं होतं की तो आता काहीतरी थट्टेचं बोलणार, पण त्याचा आवाज बसला होता.

"मला जाम जायाचं होतं शालंत, दादा."

"म्हाईत हाय."

"तू बोर्डिंगात गेलास त्या दिशी मी गाडीच्या मागं खाडीपरेंत पललो होतो."

"मी मागं वलून बगत होतो," गंगाराम म्हणाला. "मला तवा पन म्हाईत होतं."

ऑलिव्हरनं वही काढून रुतिकाला हळूच विचारलं, काय म्हणाले ते? रुतिकानं डोळे पुसले आणि नकारार्थी मान हलवली. एवढं तिनं इंग्रजीत सांगितलं नाही.